छत्तिसावा चौकोन

९ नोव्हेंबर १९८६, रविवार

भिंत पाहिजे. एक अख्खी, रिकामी भिंत! आणि ती ह्या घरात नाही.

घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. खोलीच्या एका भिंतीत दार, एकीत खिडकी, तिसरीला कपाट. राहिली आबांच्या कॉटसमोरची. तिच्यावर ह्यांनी तीन कॅलेंडरं लावली आहेत. तिन्ही ह्याच वर्षाची! एक तरी काढा म्हटलं तर म्हणाले, "कुठलं काढू? तिन्ही भेट आलेली आहेत."

काल सासूबाईंची ट्रंक उघडली. आईंना जाऊन आता वर्ष होईल, अजून कुणी हात लावला नव्हता. आत लुगड्यांचे चौकोन. फूट-फूटभर, नीट कापून, घडी घालून ठेवलेले. लुगडं विरलं की आई त्याचा धड असलेला एक चौकोन बाजूला काढायच्या, हे मी पाहिलं होतं. पण इतके असतील असं वाटलं नव्हतं. शेवटची तीन लुगडी अख्खी होती, त्यांचे चौकोन मी कापले. एकूण पस्तीस. पदरचा एक घातला की छत्तीस. सहा ओळी, ओळीत सहा. गोधडी!

१४ डिसेंबरला वर्षश्राद्ध. त्या दिवशी ती आबांच्या हातात द्यायची, मी ठरवून टाकलं आहे. आई गेल्यापासून सासरेबुवा बोलत नाहीत. म्हणजे तीन शब्द बोलतात — होय, नको, चाय. आयुष्यभर गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग चालवले, त्या खडखडाटावर ओरडून ओरडून गळा असा तयार झालेला की त्यांनी मीठ मागितलं तर तिसऱ्या मजल्यावरून कुणीतरी आणून द्यायचं. आता तोच माणूस दिवसभर कॉटवर बसून कॅलेंडरं बघतो. तिन्ही.

११ नोव्हेंबर

जमिनीवर मांडून पाहिली. पाच वाजता हे कारखान्यातून आले. दारातच उभे. "आत कुठून येऊ?"

"उडी मारा."

मारली! नऊ चौकोन, एक स्टूल आणि चहाची कपबशी. सगळं गोळा करून ट्रंकेत. शिवाय उकिडवं बसून अख्खी गोधडी दिसतच नाही. ती लांबून बघावी लागते, आणि ह्या खोलीत लांब म्हणून जागा नाही.

१२ नोव्हेंबर

सापडलं! आणि कुठे, तर माझ्याच बालवाडीत. सात वर्षं रोज डोळ्यांसमोर आहे आणि मी आंधळी.

फलालीनच्या फळ्यावर पोपट लावत होते. पुठ्ठ्याचा पोपट, पाठीला पॉलिश पेपर — फलालीनवर टेकवला की चिकटतो. टाचणी नको, खळ नको. पोपट झाला, पेरू झाला, मग सहज हातातला रुमाल टेकवला. रुमाल राहिला! सुती कापड फलालीनला आपलं आपण धरून राहतं. पोरं ओरडली, "बाई, रुमाल! बाई, रुमाल!" आणि टाळ्या मी वाजवल्या.

म्हणजे भिंतीवर सहा-साडेसहा फूट फलालीन ताणायचं. चौकोन लावायचे, काढायचे, स्वयंपाकघराच्या दारातून बघायचे. पटलं की मगच सुई.

१६ नोव्हेंबर, रविवार

ह्यांना सांगायला नको होतं.

"नलू, हे काम तू माझ्यावर सोड." कारखान्यात पॅकिंग खात्यात असतात, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू म्हणजे एक खोकं आहे असं त्यांना वाटतं. नकाशा काढला. तीनदा माप घेतलं, तीन वेगळी आली. मग वर एक लाकडी पट्टी, खाली एक, मध्ये फलालीन, कडेने चुका, म्हणजे बारीक खिळे. इथवर ठीक. मग भिंतीत खिळा!

हाउसिंग बोर्डाच्या बिल्डिंगची भिंत. खिळा जात नाही, आणि गेला तर थांबत नाही. पहिला वाकला. दुसरा वाकला. तिसरा असा गेला की पलीकडून "आई गं!" ऐकू आलं. दोन मिनिटांत शेजारच्या सोनूबाई दारात, हातात त्यांचं भिंतीवरचं घड्याळ.

"भाऊजी, आमच्या घरात काय हुडकताय?"

ह्यांचा चेहरा! "चालू आहे ना?" म्हणाले.

"चालू हाय. धा मिन्टं फुडं गेलंय."

शेवटी सोनूबाईंनीच शिकवलं. भोकात लाकडाची गुट्टी बसवायची आणि खिळा त्या गुट्टीत मारायचा. त्या साताऱ्याकडच्या, त्यांच्या हाताखालून वीसएक गोधड्या गेल्या असतील. भिंतीवर गोधडी मांडायची म्हटल्यावर आधी हसल्या, मग पदर खोचला.

फलालीन टांगलं. पहिला चौकोन लावला. घसरला. दुसरा लावला. घसरला. ह्यांनी फलालीन उलटं ठोकलं होतं! लव भिंतीकडे, गुळगुळीत बाजू आमच्याकडे. सगळ्या चुका उपसून पुन्हा मारल्या. आबा कॉटवरून सगळं बघत होते. मधे दोनदा "चाय" म्हणाले. मला वाटतं ते दया येऊन म्हणाले.

कॅलेंडरं आता स्वयंपाकघरात. तिन्ही.

१७ नोव्हेंबर

पस्तीस चौकोन भिंतीवर! एकही टाचणी नाही! हिरव्यात हिरवं, लालात लाल, मी दारात उभी राहून बघतच राहिले. भात लागला.

तेवढ्यात हे आले आणि पंखा लावला.

एक चौकोन आमटीत सापडला.

१८ नोव्हेंबर

हुकूम — पंखा बंद. हे वर्तमानपत्राने वारा घेत बसले आहेत. "भिंत मी करून दिली आणि वारा माझाच गेला!"

२० नोव्हेंबर

ह्या भिंतीचा एक दोष कुणी सांगितला नव्हता. समोर आलेल्या माणसाचे हात शिवशिवतात.

सोनूबाई मीठ मागायला आल्या, तीन चौकोन हलवून गेल्या. मीठ विसरल्या. वरची वनमाला आली, "मी काही बोलत नाही हं," म्हणाली आणि एक अख्खी ओळ बदलली. आज गॅसचा सिलिंडरवाला. सिलिंडर खाली ठेवला, कमरेवर हात, मान तिरकी. "भाभी, वो लाल इधर डालो. उधर मर गया है."

हलवला. खरंच बरा दिसतो! राग ह्याचाच आला.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रेमावन्सं दहिसरहून आल्या. नणंद आल्यावर भिंतीला शांती कसली?

चप्पल काढायच्या आत — "हे काय, लग्नातलं हिरवं खालच्या ओळीत? आबांच्या पायाकडे येणार ते!"

मी म्हटलं, गोधडी चौरस आहे, डोकं कुठल्याही बाजूला करता येईल. म्हणाल्या, "आईचं डोकं कुठे ते तू ठरवणार?" मुकाट्याने हिरवं वर घेतलं.

जाताना आबांकडे बघून हळूच म्हणाल्या, "नलू, घरात बोलत नाही का गं तुम्ही त्यांच्याशी?" हे मात्र लागलं. मी रोज बोलते. भिंतीशी बोलावं तसं — आणि ती भिंत तरी आता येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलतं करते. आबा नाही बोलत. मला रात्रंदिवस वाटतं, मी काहीतरी केलं पाहिजे आणि मला गोधडीशिवाय दुसरं काही येत नाही.

२५ नोव्हेंबर

रंगांची पार वाट लागली! सकाळी बालवाडीत गेले तेव्हा ठीक होतं. दुपारी येऊन बघते तर सगळे चौकोन इकडचे तिकडे. हिरव्याशेजारी तपकिरी, तपकिरीशेजारी लाल, काही धरबंध नाही. आणि छत्तिसावा चौकोन — माझ्या जुन्या पातळाचा, मी पदरचा घातलेला — काढून, घडी करून शिलाई मशिनवर ठेवलेला. खालच्या ओळीत तिसरी जागा रिकामी.

ह्यांना विचारलं. "मी कारखान्यातून फुंकर मारतो की काय?"

सोनूबाईंकडे आमची चावी असते. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "म्या केलं असतं तर बरं नसतं का दिसलं?"

सगळं पुन्हा लावलं.

२६ नोव्हेंबर

पुन्हा तेच! तीच मांडणी, तशीच्या तशी. आणि तीच जागा रिकामी.

२७ नोव्हेंबर

आज माझ्या छत्तिसाव्याला चार टाचण्या मारून गेले. आले तर चौकोन मशिनवर, घडी करून. टाचण्या डबीत परत. चारही!

आबांना विचारलं, "आबा, कुणी आलं होतं का?"

"नको."

२८ नोव्हेंबर

बालवाडीत आज दोन पोरांनी ओकाऱ्या काढल्या, लवकर सोडली. साडेदहालाच घरी. दार लोटलेलं. फटीतून दिसलं.

आबा भिंतीसमोर उभे होते. ह्या माणसाला कॉटवरून उठवायला मला रोज तीन हाका माराव्या लागतात! एक चौकोन काढायचे, अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून चोळायचे — कापड बघतात तसं — थोडा वेळ नुसते उभे राहायचे, मग जागा ठरवून लावायचे. तळहाताने दाबून सारखा करायचे. मी आत गेले नाही. जिन्यात बसले आणि रडले. वनमालाला वाटलं बालवाडी बंद पडली.

मग लांबून नीट पाहिलं तेव्हा कळलं. पहिला चौकोन लग्नातलं हिरवं. शेवटचं अबोली, आईंच्या शेवटच्या दिवाळीचं, आम्ही घेतलेलं. आबा गिरणीच्या बोनसवर दर दिवाळीला आईंना एक लुगडं आणायचे. ते सगळे चौकोन ओळीने लावले आहेत, वर्षावर वर्ष. त्यांच्या सगळ्या दिवाळ्यांची रांग आहे ती! आणि मी हिरव्यात हिरवं करत बसले होते.

मग ती रिकामी जागा? तिच्या अलीकडे लाल काठाचं, आबांनी परळहून आणलेलं. पलीकडे जांभळं — ते दोघं परळची खोली सोडून आमच्याकडे राहायला आले त्या वर्षी मी घेतलेलं. म्हणजे मधे एक लुगडं होतं. त्याचा चौकोन ट्रंकेत नाही. कुठे गेला?

२९ नोव्हेंबर

आठवलं. देवा!

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून आईंचं एक गाठोडं निघालं. मी ते उघडलंसुद्धा नाही. बोहारीण आली होती, तिला दिलं आणि स्टीलचं पातेलं घेतलं. वर घासाघीस करून झाकणही घेतलं!

गेला महिनाभर आबा त्याच पातेल्यातला चहा पिताहेत.

१ डिसेंबर

पातेलं लपवलं आहे. तांदळाच्या डब्यात. आबांनी चहा घेतला, कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "तू सांगून टाक." मी म्हटलं, तुम्ही सांगा. म्हणाले, "पातेलं तू घेतलंस."

४ डिसेंबर, गुरुवार

बोहारीण शेवंती दर गुरुवारी येते. जिन्यातच पकडली. गाठोडं? म्हणाली, "ताई, दीड महिना झाला! माल कुर्ल्याला जातो." मी पातेलं परत देते म्हटलं. तिने पातेलं उलटसुलट केलं. "ह्याला पोचा आलाय." आणि झाकणाचं विचारलं!

पण पत्ता दिला.

७ डिसेंबर, रविवार

कुर्ला. सोनूबाई बरोबर. काल सहा तारीख, त्या दादरला चैत्यभूमीवर दिवसभर रांगेत उभ्या होत्या, पाय सुजलेले, तरी आल्या. "तुमच्या आबांचं काम हाय," म्हणाल्या. ह्या बाईचं घड्याळ आम्ही पाडलं!

जुन्या कपड्यांचे ढीग, छपरापर्यंत. मी विचारलं, ऑक्टोबरातला माल कुठला? माणसाने हाताने सगळा बाजार दाखवला. तीन तास उपसलं. सोनूबाईंनी स्वतःसाठी दोन सुती लुगडी वेगळी काढली, कामावर लक्ष म्हणून नाही. आईंचं काही सापडलं नाही. सापडणार तरी कसं? काय शोधते आहे तेच मला माहीत नव्हतं.

शेवटी एक किरमिजी लुगडं घेतलं. विरलेलं, जुनं, अगदी आईंच्या पसंतीचं. सोनूबाईंनी माझ्याकडे नुसतं बघितलं. मी म्हटलं, "काय करू मग?"

८ डिसेंबर

किरमिजी चौकोन कापला. दोनदा धुतला, उन्हात टाकला, ट्रंकेत डांबरगोळ्यांत ठेवला. मग रिकाम्या जागी लावला. झकास बसला! सिलिंडरवाल्यालाही कळलं नसतं.

९ डिसेंबर

आबांना कळलं.

मी घरात असताना उठले. सरळ भिंतीपाशी गेले, किरमिजी काढला, बोटांत चोळला. माझ्या हातात ठेवला.

"ह्यां तिचां न्हय."

वर्षभरात एका दमात तीन शब्द! आणि ते माझी चोरी पकडायला. मी रडायलाच लागले. सगळं सांगितलं — गाठोडं, बोहारीण, कुर्ला. तांदळाच्या डब्यातून पातेलं काढून त्यांच्या पायाशी ठेवलं. तांदूळ सगळीकडे.

आबांनी पातेलं उचललं. आतले चार दाणे काढले.

"त्या गाठोड्यात माझे फाटके लेंगे होते गो."

लेंगे! मी कुर्ल्यात तीन तास आबांचे लेंगे शोधत होते! सोनूबाईंना सांगितलं तर त्या भिंत धरून हसल्या. मीही हसले. आबा हसले नाहीत, पण म्हणाले, "ह्यातच चाय कर."

मग मला विचारायचंच राहिलं. गाठोड्यात नव्हतं, तर मग त्या जागेचं लुगडं गेलं कुठे?

११ डिसेंबर

विचारलं. आबा कॉटवर आडवे झाले आणि भिंतीकडे तोंड केलं. पुन्हा "होय, नको, चाय." मी उकरून काढायला नको होतं.

हे म्हणतात, ती जागा तुझ्या पातळाच्या चौकोनाने भर आणि शिवून टाक, तीन दिवस राहिले. मी नाही भरणार. ती आबांची जागा आहे.

१४ डिसेंबर, रविवार

वर्षश्राद्ध झालं. वन्सं आल्या, भाऊबंद आले, पंचवीस पानं उठली. गोधडी झाली नाही. भिंतीवर पस्तीस चौकोन आणि एक भोक. प्रत्येकाने बोट दाखवून विचारलं, "इथलं कुठे गेलं?" वन्संनी तर चौकोन शोधायला कॉटखालीही बघितलं.

मला फार लाज वाटली. एवढं एक करायचं होतं, तेही झालं नाही. आबा मात्र भिंतीकडे बघत नव्हते. जेवताना मला म्हणाले, "वरीस सरलां." मी हो म्हटलं. त्या दोन शब्दांचं काय करायचं ते मला कळलं नाही.

१५ डिसेंबर

सकाळी आबा नाहीत! चपला नाहीत, टोपी नाही. वर्षभर जिना न उतरलेला माणूस! ह्यांना कारखान्यात फोन, सोनूबाई बसस्टॉपवर, मी स्टेशनपर्यंत पळत. एक वाजता आबा सावकाश जिना चढत आले. काखेत पुडकं. परळला जाऊन आले होते, त्यांच्या नेहमीच्या दुकानात.

आत कोरं लुगडं. मोरपिशी, जरीच्या काठाचं.

"संपाच्या सालचां," म्हणाले. म्हणजे ब्याऐंशीचा गिरणी संप. "संप मिटलो काय घेतंय, म्हणान तिका सांगलेलंय. संप मिटाकच नाय."

मी कात्री आणली नाही, माझ्याने आणवेना. त्यांनीच मशिनवरची उचलून दिली. मग म्हणाले, "आधी घडी मोड. मगे काप."

मला नऊवारी नेसता येत नाही. सोनूबाईंनी नेसवलं. आबा कॉटवर बसून बघत होते, मोठ्याने म्हणाले, "बरां दिसता!" वनमाला वरून धावत आली, काय झालं म्हणून.

पदराचा एक चौकोन कापला. बाकीचं नेसूनच बसले आहे. सोडवत नाही.